धावत्या ट्रकचं वजन रस्त्यातच कसं होतं, आणि सोबत पाऊस का मोजावा लागतो

जून लागला की गोव्यात एक वाद ठरलेला. रस्ता उखडला कशामुळे? बांधकाम खातं पावसाकडे बोट दाखवतं, लोक कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार खडी-चिऱ्यांच्या भरगच्च ट्रकांकडे. चतुर्थीच्या आत खड्डे बुजवण्याचं आश्वासन मिळतं आणि वाद पुढच्या जूनपर्यंत मिटतो. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. कुणाचं किती, हे मात्र मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि मोजायच्या गोष्टी दोन आहेत: रस्त्यावरून गेलेला भार, आणि तो गेला त्या क्षणी रस्त्याची अवस्था. महामार्गांवर यासाठी यंत्रणा बसवतात. ती कशी चालते, कुठे फसते आणि आपल्याकडच्या पावसात तिचं काय होतं, ते पाहू.

एकूण वजनाने रस्ता फुटत नाही

ट्रकचं एकूण वजन रस्त्याला कळत नाही. त्याला कळतो तो एकेका अ‍ॅक्सलखालचा भार. अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा. मागच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना जोडचाकं असतील तर टायर चार. रस्त्याची जाडी ठरवताना अभियंते ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, भाराचा असा एक अ‍ॅक्सल 'प्रमाण' धरतात आणि बाकी सगळ्या गाड्या त्याच्या पटीत मोजतात.

ही पट सरळ नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरात आहे: भार जितक्या पट वाढतो, त्याच्या साधारण चौथ्या घाताने झीज वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट.

आकडे घालून पाहा. मागच्या अ‍ॅक्सलवर १०.२ टन असतील तर १०.२ भागिले ८.१६, म्हणजे १.२५. त्याचा चौथा घात २.४४, म्हणजे झीज प्रमाण भाराच्या २.४४ पट. त्याच ट्रकात १० टन मालावर आणखी ५ टन चिरे भरले तर त्यातला बहुतेक भार मागेच पडतो. समजा मागचा अ‍ॅक्सल १४.५ टनांवर गेला. आता झीज जवळजवळ १०. माल दीडपट भरला आणि त्या अ‍ॅक्सलखालची झीज चौपट झाली.

मोटारीचा हिशेब उलट्या टोकाला जातो. ०.६ टनाच्या अ‍ॅक्सलने होणारी झीज इतकी नगण्य, की असे सुमारे ३४ हजार अ‍ॅक्सल गेले तर एका प्रमाण अ‍ॅक्सलइतकी झीज होते. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते खराब झाले असं कुणी म्हणालं तर कोंडीबद्दल ते खरं असेल, डांबराबद्दल नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादाच वाढवली: चार टायरच्या एकेरी अ‍ॅक्सलला १०.२ वरून ११.५ टन, जोड-अ‍ॅक्सलला १९ वरून २१ टन. वाढ १०-१३ टक्क्यांची वाटते. चौथ्या घाताने एकेरी अ‍ॅक्सलची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. म्हणजे आधी बांधलेल्या रस्त्यांवर नियम पाळणारा ट्रकही आता जास्त भारी पडतो. ओव्हरलोडच्या चर्चेत ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही.

तोच ट्रक, पण रस्ता तोच नाही

वरचा हिशेब 'रस्ता' नावाची एकच न बदलणारी वस्तू आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात डांबर तापमानाबरोबर बदलतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेत व्हीजी-४० डांबराच्या मिश्रणाचा ताठरपणा २० अंशांना ६००० मेगापास्कल धरतात आणि ४० अंशांना २०००. म्हणजे तिसरा हिस्सा. एप्रिलच्या दुपारी हवा ३४ अंशांवर असली तरी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ५५ च्या पुढे सहज जातो. अशा वेळी चढावर रांगणारा भरलेला ट्रक डांबर बाजूला ढकलतो आणि चाकांच्या वाटेवर लांबच लांब खोलगट पट्टे पडतात. पावसात त्या पट्ट्यांत पाणी साचतं.

पावसाळ्यात डांबर थंड आणि ताठ असतं, पण खालची बाजू कमजोर होते. भेगांतून आणि रस्त्याच्या कडेने पाणी खडीच्या थरात आणि मातीत शिरतं. भरलेलं चाक वरून गेलं की हे पाणी दाबाखाली खडीच्या फटींतून पळतं. जाताना बारीक माती उपसून नेतं आणि खडीवरचं डांबर सोलतं. म्हणून गटार तुंबलेल्या जागी खड्डा आधी पडतो, कोरड्या जागी उशिरा.

म्हणून जुलैतल्या संततधारेत गेलेला १४ टनांचा अ‍ॅक्सल आणि जानेवारीच्या पहाटे गेलेला १४ टनांचा अ‍ॅक्सल एकाच रकान्यात लिहिले की हिशेब चुकतो. भाराच्या नोंदीला वेळ, रस्त्याचं तापमान आणि पाऊस जोडलेले नसतील तर ती नोंद अर्धीच आहे. या लेखातला मुख्य मुद्दा हाच. पुढचं सगळं ती नोंद विश्वासार्ह कशी करायची याबद्दल.

गाडी न थांबवता वजन कसं होतं?

याला वेइंग-इन-मोशन म्हणतात; या क्षेत्रातले लोक 'विम' म्हणून मोकळे होतात. अडचण काय, तर मासळी बाजारात तराजूच्या पारड्यात जिवंत मासा तडफडत असावा तसा धावता ट्रक असतो. काटा खालीवर होतो आणि तो स्थिर होण्याची वाट बघायला आपल्याकडे वेळ नसतो. ट्रकचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला २-३ वेळा हेलकावतो. अ‍ॅक्सल त्याहून भरभर, सेकंदाला दहाच्या आसपास उडतो. ताशी ६० किलोमीटर वेगात ट्रक सेकंदाला १६.७ मीटर जातो. म्हणजे सांगाड्याच्या एका हेलकाव्यात ६ ते ८ मीटर रस्ता मागे पडतो. रस्त्यात बसवलेली आपली वजनपट्टी त्या हेलकाव्याच्या टोकावर आली की तळाशी, हे आपल्या हातात नाही.

एका लेनमधली मांडणी साधारण अशी असते. डांबरात कापून बसवलेलं तारेचं वेटोळं गाडी आल्याचं आणि गेल्याचं सांगतं. त्याच्यापुढे लेनच्या आडव्या दोन वजनपट्ट्या, एकमेकींपासून ३-४ मीटरवर. शेजारच्या खांबावर कॅमेरा आणि पेटीत संगणक. पहिली पट्टी ते दुसरी पट्टी लागलेल्या वेळावरून वेग निघतो, आणि एकाच गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधल्या वेळावरून त्यांचं अंतर. त्या अंतरांवरूनच गाडी दोन अ‍ॅक्सलचा टिपर आहे की पाच अ‍ॅक्सलचा ट्रेलर, हे यंत्र ओळखतं.

पट्ट्या तीन प्रकारच्या पाहायला मिळतात. पॉलिमरच्या पिझो (दाब पडला की विद्युतभार देणाऱ्या) पट्ट्या स्वस्त आणि कापणी उथळ. पण तापमान बदललं की त्यांचं उत्तर बदलतं, त्यामुळे त्या वाहतूक मोजणीलाच बऱ्या. क्वार्ट्झच्या पट्ट्या महाग, पण तापमानाने फारशा ढळत नाहीत. वाकणाऱ्या पोलादी प्लेटा पूर्ण चाक अंगावर घेतात, म्हणून अचूक; मात्र चौकटीसाठी रस्ता बऱ्यापैकी फोडावा लागतो, आणि चौकटीत पाणी साचलं की दुखणं सुरू.

क्वार्ट्झच्या पट्टीतली खुबी जवळून बघण्यासारखी आहे. पट्टी सुमारे ७ सेंटीमीटर रुंद, टायरचा ठसा २५ सेंटीमीटरच्या आसपास. पूर्ण चाक एका क्षणी पट्टीवर कधीच नसतं. ते सरकत जातं आणि पट्टी त्याचे काप मोजत जाते. ताशी ८० किलोमीटरला हे सगळं १४-१५ मिलिसेकंदांत उरकतं. संगणक त्या कापांची बेरीज करून वेगाने गुणतो आणि पट्टीच्या रुंदीने भागतो. वेग गुणाकारात आहे, त्यामुळे वेगातली १ टक्का चूक थेट वजनात १ टक्का होऊन उतरते. दोन पट्ट्यांमधलं अंतर टेपने मोजताना ३ मीटरला ३ सेंटीमीटर चुकलं की प्रत्येक ट्रक कायमचा १ टक्का चुकीचा. चालकाने नेमका पट्ट्यांवर ब्रेक दाबला तर तोच परिणाम त्या एका गाडीपुरता होतो.

ब्रेकचा दुसरा परिणाम याहून मोठा. १६ टनांचा ट्रक, भाराचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, अ‍ॅक्सलमधलं अंतर साडेचार मीटर. बेताचा ब्रेक लागला, म्हणजे गुरुत्वाच्या पाचव्या हिश्शाइतका, तर एक टनाहून थोडा जास्त भार मागच्या अ‍ॅक्सलवरून पुढच्यावर सरकतो. एकूण वजनाला धक्का नाही, अ‍ॅक्सलचे आकडे मात्र दोन्ही खोटे.

काटा कुठेही बसत नाही

विमच्या अचूकतेचा अर्धा भाग यंत्रात असतो, अर्धा आजूबाजूच्या रस्त्यात. अमेरिकी मानकाप्रमाणे पट्ट्यांच्या आधी ६० मीटर आणि नंतर ३० मीटर रस्ता गुळगुळीत हवा. सरळ हवा, चढ-उतार २ टक्क्यांच्या आत हवा. सिग्नल, गतिरोधक किंवा फाटा जवळ नको, म्हणजे गाड्या समान वेगाने जातील. खोलगट चाकोऱ्या पडलेल्या तर अजिबात नकोत.

या अटींनी गोव्यात बरीच जागा आपोआप बाद होते. अनमोड घाट, चोर्ला घाट, करमल घाट चढामुळे गेले. बांबोळीसारखे उतार गेले. लांब पुलाच्या तोंडाशी जोडावर गाडी उसळते, तीही जागा गेली. वेर्ण्याच्या पठारासारखे सपाट पट्टे तपासायला हरकत नाही. सीमेवर पत्रादेवी, केरी, मोले आणि पोळे इथून माल येतो-जातो, पण नाक्याच्या दारात गाड्या थांबत-सरकत असतात. तिथे कमी वेगाचा काटा चालेल, महामार्गाच्या वेगाचा नाही. मोल्याला मोजायचं असेल तर नाक्याआधी पुरेसं मागे सरकून सपाट जागा शोधावी लागते.

बसवण्याचं कामही कोरड्यातलं आहे. ऑक्टोबर सरल्यावर मेच्या मध्यापर्यंतची मुदत धरावी. डांबरात सुमारे साडेपाच सेंटीमीटर खोल चर कापायचा, धूळ आणि ओल पूर्ण काढायची, पट्टी टांगून बसवायची आणि वाळू मिसळलेलं इपॉक्सी ओतायचं. ते कडक झालं की वरचा भाग घासून रस्त्याशी सपाट करायचा. मिलिमीटरभर उंचवटा राहिला तरी प्रत्येक चाक तिथे आपटतं आणि आकडा फुगतो. चर ओला असेल तर इपॉक्सी धरत नाही. पहिल्याच पावसात कडेने केसासारखी भेग पडते, पाणी उतरतं आणि पट्टी ढिली होते. डांबराचा थर पातळ असेल तर चराचा तळ दोन थरांच्या सांध्यावर येतो आणि रस्ता तिथूनच फुटायला लागतो. रस्त्याची झीज मोजणाऱ्या यंत्रानेच खड्डा पाडला, असं म्हणायची वेळ येते.

दुसरं दुखणं ओलाव्याचं. क्वार्ट्झवर दाब पडला की अगदी सूक्ष्म विद्युतभार तयार होतो आणि तोच आपला सिग्नल. केबलच्या जोडात ओल शिरली की हा भार झिरपून जातो आणि वजन कमी दिसू लागतं. केबलचं इन्सुलेशन गिगाओममध्ये, म्हणजे अब्जावधी ओहमचं, असावं लागतं. घरच्या वायरिंगला चालणारं इथे चालत नाही. म्हणून पट्टीपासून पेटीपर्यंत केबल मध्ये न जोडता अखंड आणायची, हँडहोलच्या (केबल तपासण्यासाठीच्या छोट्या खड्ड्याच्या) तळाला पाणी निघायला वाट ठेवायची आणि मृगाआधी व पावसाळ्यानंतर इन्सुलेशन मोजून वहीत लिहायचं.

वीज पडण्याचा धोका मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात जास्त. कोरड्या जांभ्यात अर्थिंग चांगली मिळत नाही. एका खड्ड्यात भागत नसेल तर दोन-तीन खड्डे जोडून घ्यावे लागतात, नाहीतर सर्ज प्रोटेक्टर असूनही पेटीतलं कार्ड जळतं.

आकडा खरा, हे कसं ठरवायचं?

कॅलिब्रेशन म्हणजे ज्याचं वजन आधीच माहीत आहे असा ट्रक पट्टीवरून नेऊन यंत्राची चूक दुरुस्त करणं. निदान दोन ट्रक घेतात, एक दोन अ‍ॅक्सलचा आणि एक लांब ट्रेलर. आधी शिक्कामोर्तब झालेल्या वजनकाट्यावर त्यांचं एकूण आणि शक्य तिथे अ‍ॅक्सलनिहाय वजन घ्यायचं. मग प्रत्येकाच्या किमान दहा फेऱ्या: काही ४० च्या वेगाने, काही ६०, काही ८०, काही लेनच्या मधून, काही कडेला सरकून.

ट्रकात माल कुठला, हे महत्त्वाचं. पाण्याचा टँकर नको, पाणी डचमळतं. ओली रेती नको, ती दिवसभर निथळते आणि संध्याकाळी वजन सकाळचं राहत नाही. चिरे किंवा काँक्रीटचे ठोकळे उत्तम. २०० लिटर डिझेल जळलं की दीडशे किलोंहून जास्त वजन कमी होतं, म्हणून टाकीची पातळीही लिहून ठेवायची.

समजा खरं वजन २४,८०० किलो आणि दहा फेऱ्यांची सरासरी २५,९०० आली. यंत्राला ०.९५७५ चा गुणक द्यायचा. पण सरासरी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. फेरीगणिक आकडे किती विखुरले, ते बघायचं. एकदा २२ टन आणि एकदा २८ टन येत असेल तर सरासरी बरोबर येऊनही उपयोग नाही. तेव्हा दोष बहुधा रस्त्याच्या खडबडीतपणात असतो आणि तो गुणकाने जात नाही.

पुढची देखरेख टेबलावर बसून होते. महिनाभरातल्या एकाच जातीच्या ट्रकांची वजनं आलेखावर मांडली की दोन उंचवटे दिसतात, एक रिकाम्या गाड्यांचा आणि एक भरलेल्यांचा. रिकाम्या ट्रकचं वजन महिन्यागणिक बदलायचं काही कारण नाही. तो उंचवटा डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागला तर ट्रक बदललेले नाहीत, पट्टी बदलली आहे. डाव्या चाकांचं वजन सगळ्याच गाड्यांत उजव्यापेक्षा कमी दिसू लागलं तर पट्टीचा डावा भाग किंवा त्याची केबल तपासायची. ही तपासणी कुणी करत नसेल तर यंत्र बसवल्याच्या बातमीला फारसा अर्थ नाही.

"१० टक्के चूक करणाऱ्या यंत्रावर दंड कसा लावणार?"

लावायचाच नाही. वर म्हटलेल्या अमेरिकी मानकात पहिल्या दर्जाच्या विमला एकूण वजनात १० टक्के आणि एका अ‍ॅक्सलच्या वजनात २० टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा आहे, तीही शंभरातल्या ९५ गाड्यांपुरती. अशा आकड्यावर कुणाचं चलान फाडणं अन्यायाचं होईल आणि ते टिकणारही नाही. महामार्गाच्या वेगातलं विम हे चाळणीचं काम करतं: शंभर ट्रकांतून संशयास्पद पाच-सात वेगळे काढायचे आणि फक्त तेवढेच बाजूच्या स्थिर काट्यावर घ्यायचे. दंड तिथल्या पावतीवर.

नियम पाळणाऱ्या चालकाला यात फायदाच आहे. आज तपासणी म्हणजे सरसकट सगळ्यांना थांबवणं. विम असेल तर रिकामा आणि योग्य भरलेला ट्रक न थांबता निघून जातो.

टोलनाक्यांच्या लेनमध्ये दिसणारे काटे कमी वेगाचे असतात. वेग कमी म्हणजे उसळी कमी, म्हणून ते जास्त अचूक. तरीही मागच्या गाडीने खेटून मुंडकं पुढे घातलं की तिचा पुढचा अ‍ॅक्सल पुढच्या गाडीच्या खात्यात पडतो आणि वादाला तोंड फुटतं.

"ओव्हरलोड केलं तर फेऱ्या कमी होतात, रस्ता वाचतोच की"

हा युक्तिवाद खाणपट्ट्यात हमखास ऐकू येतो. वरचेच आकडे घेऊन तपासू. ३० टन माल हलवायचा आहे. १० टनांच्या तीन फेऱ्या, मागच्या अ‍ॅक्सलची झीज दर फेरीला २.४४, एकूण ७.३. १५ टनांच्या दोन फेऱ्या, झीज दर फेरीला सुमारे १०, एकूण २०. एक फेरी वाचली, त्यात डिझेल आणि चालकाचा वेळ वाचला, हे खरं. ती बचत मालकाच्या खिशात गेली आणि पावणेतीनपट झीज रस्त्याच्या माथी आली.

उपाय फेऱ्या वाढवणं हा एकच नाही. तोच माल जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीतून नेला की दर अ‍ॅक्सलचा भार उतरतो. १४.५ टन एका अ‍ॅक्सलऐवजी दोनांवर वाटले तर प्रत्येकी ७.२५. झीज दोन्ही मिळून सव्वाच्या आसपास.

हवामानाचा खांब काय काय मोजतो

विमशेजारी एक हवामान खांब असला की नोंद पूर्ण होते. हवेचं तापमान, आर्द्रता आणि वारा ही नेहमीची मंडळी झाली. रस्त्यासाठी खास म्हणजे डांबरात २, ५ आणि १० सेंटीमीटर खोल पुरलेले तापमानाचे सेन्सर आणि खालच्या मातीतला ओलावा मोजणारा दांडा. पृष्ठभागावर पाण्याचा थर किती मिलिमीटर आहे, ते खांबावरून अवरक्त प्रकाश टाकून कळतं. हा थर चारचाकी चालवणाऱ्यांच्या कामाचा: ३२ पीएसआय हवा भरलेला टायर ताशी सुमारे ९५ किलोमीटरला साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो, आणि टायर गुळगुळीत असेल तर त्याच्या बऱ्याच आधी.

पाऊस मोजायला दोन कप्प्यांची डोलणारी वाटी असते. ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की वाटी कलंडते आणि एक ठोका नोंदला जातो. रिमझिमीत हे झकास चालतं. आपल्याकडे तासाला १०० मिलिमीटरचा जोर लागला की वाटी दर ७ सेकंदांना कलंडते. कलंडताना वर पडणारं पाणी हिशेबाबाहेर जातं आणि यंत्र पाऊस कमी दाखवतं. ज्या तासाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, नेमका तोच कमी येतो. जोराच्या पावसासाठी वेगळी दुरुस्ती-सारणी घालावी लागते. पानं, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्याजवळ मीठ यांनी नरसाळं तुंबतं, ते निराळंच. बाकीची गावं भिजत असताना एकाच खांबावर शून्य पाऊस दिसला तर आधी शिडी घेऊन जावं.

घाटात दृश्यतामापक हवा. तो हवेच्या छोट्या भागातून किरण सोडतो आणि धुक्याच्या थेंबांनी तो किती विखुरला, यावरून किती मीटरपर्यंत दिसेल ते सांगतो. हा आकडा वेगाशी जोडता येतो. आयआरसीच्या हिशेबाने गाडी पाहून थांबायला ताशी ८० किलोमीटरला १२० मीटर लागतात, ६० ला ८० मीटर, ४० ला ४५ मीटर. चोर्ल्यात धुकं उतरून ५० मीटरपर्यंतच दिसत असेल तर फलकावर ४० चा आकडा यायला हवा, "सावकाश चालवा" नव्हे. स्वच्छ उन्हात हा मापक दाट धुकं सांगू लागला तर त्याच्या दोन डोळ्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं असतं.

पुलांचं गणित वेगळं

पुलाला एका अ‍ॅक्सलपेक्षा एकाच वेळी अंगावर किती भार आहे, याची काळजी जास्त. पुलावर चर न कापता गर्डरच्या (पुलाला पेलणाऱ्या तुळईच्या) पोटाला ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवून वजन काढता येतं; गर्डर जितका वाकतो, त्यावरून वर काय गेलं ते उलगडतं. झुवारी किंवा मांडवीवरच्या केबलच्या पुलांवर याच्या जोडीला वारा आणि केबलचं कंपन मोजणं ओघानेच येतं.

पण पूल भारानेच पडतो असं नाही. मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो काँक्रीट ताणून धरणाऱ्या पोलादी तारा गंजल्यामुळे. मुंबई-गोवा मार्गावर महाडजवळचा सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. पहिल्या ठिकाणी खारी दमट हवा, दुसऱ्या ठिकाणी पाण्याची पातळी आणि वेग. म्हणून पुलावर भारमापकाइतकेच काँक्रीटमधल्या गंजाचा अंदाज देणारे सेन्सर आणि पाण्याच्या पातळीचा रडार गरजेचे आहेत. रडार पाण्याला न टेकता वरून मोजतो, त्यामुळे ओंडके वाहत आले तरी टिकतो.

"चालक काटा चुकवणारच"

चुकवतात. लेनची रेघ दोन चाकांच्या मध्ये धरून चालवतात, म्हणजे अर्धी गाडी पट्टीबाहेर. यावर उपाय म्हणजे पट्ट्या रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यापर्यंत न्यायच्या आणि 'एका बाजूचं वजन नाही' अशी नोंद थेट संशयितांत टाकायची. गरजेप्रमाणे उचलता येणारा अ‍ॅक्सल वर ठेवून धावणाऱ्यांचा भार उरलेल्या अ‍ॅक्सलवर येतो, आणि अ‍ॅक्सलची संख्या मोजणारं यंत्र ते लगेच पकडतं.

खरी पळवाट गावातल्या रस्त्यांची. गोव्यात महामार्गाला समांतर वाटा भरपूर, आणि त्या महामार्गापेक्षा पातळ. काटा महामार्गावर बसला आणि टिपर वाड्यांतून जाऊ लागले तर नुकसान वाढेल. म्हणून काट्यासोबत आतल्या वाटांवर साधी वेटोळी बसवून अवजड गाड्यांची संख्या आधी आणि नंतर मोजायला हवी. पावसाळ्यापुरते सुटे वजनपॅडही वापरता येतात. मात्र पॅडवर चाक चढलं की ते बाकीच्यांपेक्षा उंच होतं आणि जास्त भार ओढतं. त्यामुळे उरलेल्या चाकांखाली तितक्याच जाडीच्या फळ्या घालाव्याच लागतात. घाईत हेच वगळलं जातं.

पकडला, मग पुढे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. चार टन जास्त असतील तर २८ हजार. वजन करायला थांबायलाच नकार दिला तर ४० हजार. जबाबदारी एकट्या चालकाची नाही. गाडी तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही.

हे शेवटचं कलम पाळायचं तर जागा लागते. काट्याशेजारी पक्कं आवार, एक लोडर, खडी-रेतीसाठी वेगवेगळे कप्पे, सिमेंटच्या गोण्यांसाठी छप्पर, आणि उतरवलेला माल कुणाचा आणि किती दिवस ठेवायचा याची नोंदवही. सोबत ज्याला माल वाटून द्यायचा, त्या दुसऱ्या ट्रकला उभं राहायला जागा. आवार नसेल तर दंडाची पावती फाडून तोच १४ टनांचा अ‍ॅक्सल पुन्हा भिजल्या रस्त्यावर सोडण्यावाचून अधिकाऱ्यापुढे पर्याय राहत नाही. त्यामुळे काट्याच्या निविदेसोबतच या आवाराची जमीन आणि त्याचा खर्च धरलेला आहे का, हे आधी विचारावं.